शादाबची गादी

खाटा तेरा, माणसं सात, हीटर दोन आणि डिझेल रात्रभर एकच हीटर चालेल एवढं. हाइलबाहेरच्या गव्हाच्या शेतावर मुआजने ही मोजणी दोनदा केली. नोकऱ्या सौदी माणसांनाच देण्याच्या सौदीकरणात सहा जण खुरूजचा शिक्का घेऊन कायमचे घरी गेले होते. आता बर्फाचा इशारा होता. पारा उणे सहावर जाणार होता. सगळ्यांनी एकाच खोलीत निजायचं आणि दुसरीतला हीटर बंद करायचा, असं ठरलं.

दुपारी त्या दुसऱ्या खोलीतली ब्लँकेटं गोळा करताना मुआजचा हात त्या सहांपैकी शादाबच्या गादीला लागला. गादी ऊन होती. कोठारातला थर्मामीटर आणून त्याने टेकवला. सदतीस, जित्या अंगाएवढं. शेजारच्या गाद्या अकरा.

"इसहाकचाचा, इथे कोण निजलं होतं?"

"कोण निजणार? शादाबला जाऊन दोन महिने झाले. कालच फोन होता, दापोलीत मासे हाणतोय लेकाचा."

"मग आजची रात्र हा हीटर राहू दे."

"रिकाम्या खाटेपायी सात जणांना गारठवतोस? यल्ला, बंद कर!"

मुआजने हीटर बंद केला.

तासाभराने चौतीस. गादी मधोमध थरथरत होती, थंडीने कुडकुडणाऱ्या माणसासारखी.

सूर्य बुडाल्यावर, मगरिबच्या अजानीला त्याने पुन्हा मोजलं, तेव्हा थरथर थांबली होती. अठ्ठावीस.