दोनशे भाग

“रोज सकाळी एकच भाग पाठवायचा. लेकीनं फोन करून ‘मिळाला’ म्हटल्याशिवाय पुढचा पाठवू नकोस. एक जरी हरवला तरी फाईल उघडणारच नाही.” जाण्याच्या आठवडाभर आधी ह्यांनी माझ्याकडून तसं वचनच घेतलं. लेकीच्या लहानपणीच्या फोटोंची ती फाईल. कॉम्प्युटरवर बसून ह्यांनी तिचे दोनशे भाग करून ठेवले होते.

तेव्हापासून प्रार्थना झाली की मी भाग पाठवते, आणि फोन वाजेपर्यंत या खोलीतून त्या खोलीत फिरत राहते. पूर्वी तिला दोन-दोन महिने फोनला सवड नसायची. आता रोज बोलते, घाईत का होईना. जेवलीस का विचारते, गोळ्यांवरून रागावते.

आज मात्र वैतागली. “मिळाला गं, पण हे भाग अगदी एवढेएवढेसे आहेत. सगळे मिळून एका मेलमध्ये गेले असते. जन्मभर कॉम्प्युटरवर काम केलेल्या बाबांना हे कळू नये? उरलेले एकदम पाठव बघू.”

 

मी फोन ठेवला, ह्यांच्या खुर्चीत जरा टेकले, आणि उद्याच्या मेलला नव्वदावा भाग तेवढा जोडून ठेवला.