खुणेचं सामान

एका मेकॅनिकने जुनीच बॅटरी पुसून नवी म्हणून गळ्यात मारली, तेव्हापासून ती ताकही फुंकून प्यायची. गाडी गॅरेजला देण्याआधी बॅटरीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावायची आणि जुना माल परत मागायची.

आज नवरा तिच्या या ठिपक्याला हसला, म्हणून तिने त्याच्याही कानाच्या पाळीला ठिपका लावला. मग तोच गाडी घेऊन गॅरेजला गेला.

संध्याकाळी ती गॅरेजला पोचली. मेकॅनिकने दोन गोण्या पुढे ठेवल्या. दुसरी बरीच मोठी होती.

"ताई, खूण होती ते सगळं बदललं. जुनं घेऊन जा."

नवरा गाडीत बसला होता. त्याचा कान स्वच्छ होता.

"ठिपका पुसलास का रे?"

"कसला ठिपका?"

तिने मोठ्या गोणीला हात लावला. ती कोमट होती. आतून दबक्या आवाजात कुणीतरी तिला त्या नावाने हाक मारली, जे फक्त नवऱ्याला ठाऊक होतं.