भर सणातली माफी

"ऐका! फिलाग्रोस हाब्रोनला माफ करतो! हाब्रोनने खुशाल अथेन्सला परत यावं!"

दवंडीवाल्याचा आवाज नाट्यगृहात घुमला आणि टेकडीच्या उतारावर बसलेल्या हजारो माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शेजारच्या स्मिक्रोसने फिलाग्रोसच्या पाठीत थाप मारली.

"मोडेन पण वाकणार नाही म्हणणारा गडी वाकला की रे!"

फिलाग्रोस नुसता हसला. सहा वर्षांपूर्वी आखाड्यात हाब्रोनचा भाला चुकून त्याच्या मुलाला लागला. मुलगा जागीच गेला. मुद्दाम मारलं नव्हतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्यालासुद्धा. पण गेलेल्याच्या घरातला एक जरी माणूस नाही म्हणाला, तर मारणाऱ्याने हद्दीत पाऊल टाकायचं नाही, असा कायदा. भावांनी कधीच हो म्हटलं होतं. अडून बसला होता एकटा बाप. हाब्रोन तिकडे हद्दीपलीकडच्या मेगारा शहरात दिवस काढत होता.

यंदा हिवाळ्यात, द्राक्षवेली छाटताना, एका सकाळी फिलाग्रोसचा राग निवला. का, ते त्यालाही कळलं नाही. पण एवढी मोठी माफी चार भिंतींत देऊन वाया कशाला घालवायची? वसंतात नाटकांच्या सणाला सगळं अथेन्स गोळा होतं. तेव्हाच जाहीर करू, त्याने ठरवलं. पुढे आठवड्याभराने हाब्रोनची आई मिर्टाले आली आणि रीतीप्रमाणे त्याचे गुडघे धरून बसली. "बघू," म्हणून त्याने तिला वाटेला लावलं. आतून मात्र त्याला गुदगुल्या होत होत्या.

नाटक सुरू झालं. गावचे म्हातारे राजाला समजावून थकले, राजा हटेना. शेवटी हटला, तोवर घरात कुणी उरलं नव्हतं. फिलाग्रोस ढसाढसा रडला.

"ताठ्याने गेला बिचारा," तो डोळे पुसत म्हणाला. आपण कसे वेळेवर वाकलो, या विचाराने त्याला फार बरं वाटलं.

बाहेर पडताना लोक त्याला वाट करून देत होते. पायथ्याशी मिर्टाले उभी होती. आता ही पाय धरणार, म्हणून त्याने अंगावरचं वस्त्र सारखं केलं. ती वाकली नाही.

"दादा, माफ कधी केलंत त्याला?"

"मनातून म्हणशील तर हिवाळ्यातच," तो ऐटीत म्हणाला. "तू दारी आलीस ना, त्याच्याही आधी. अगदी ओठांवर आलं होतं, कसंबसं आवरलं बघ."

मिर्टालेने हळूच श्वास सोडला.

"त्या दिवशी त्याला हद्दीवर एका झाडाखाली बसवून आले होते मी. अंगात ताप होता. परत गेले तर शेवटचं चाललं होतं. काय म्हणाले, विचारलं त्याने. मी म्हटलं, माफ केलं. तेवढं ऐकून गेला." तिने पदराने तोंड पुसलं. "बरं झालं, दादा. मरत्या लेकराशी मी खोटं नाही बोलले."