पाच दिवसांचा म्हातारा

प्रयोगशाळेतल्या पारदर्शक चिपमधल्या केसाएवढ्या नळीत मिलिमीटरभराचा कृमी गच्च बसला, तसा वृषालीने लेसरने त्याचा मज्जातंतू कापला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहते तर दोन्ही टोकं जुळलेली! तिने लगेच धाकट्या भावाला फोन लावला. "निनाद, तुटलेली नस जुळते रे! तू फक्त धीर धर."

वृषाली चालवत होती त्या स्कूटरवरून पडून, विसाव्या वर्षी नस तुटल्याने निनादचा उजवा हात लुळा पडला होता. पुढे दर भाऊबीजेला ओवाळताना ती तेच सांगत राहिली.

नऊ वर्षांनी तिचं संशोधन छापून आलं. तिच्या मार्गदर्शक सरांनी लॅबभर पेढे वाटले. एक तिने निनादसाठी घरी नेला.

त्याने तो डाव्या हाताने घेतला. "काय सापडलं गं शेवटी?"

"वयाचा प्रश्न आहे," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तरुण कृमींचीच नस जुळते. पाच दिवसांचा झाला, की तो म्हातारा. मग कितीही थांबा, जुळत नाही."

निनादने पेढा पुन्हा तिच्या तळहातावर ठेवला.

"आणि मला तू नऊ वर्षं धीर धरायला सांगत होतीस, ताई."