पहिली फ्रेम

चष्मेवाल्याने काउंटरवर एकेचाळिसावी फ्रेम ठेवली, तेव्हा बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं तर पहिली तपकिरी फ्रेमच त्यांना शोभली होती. पण भिंतभर आणखी शेकडो दिसल्यावर मन कुठलं थाऱ्यावर राहतंय!

कोपऱ्यातल्या खुर्चीत यजमान दोन तास ताटकळत होते. पडदे, चपला, दिवाणखान्याचा रंग, प्रत्येक खरेदीत ते असेच बसत आले होते.

"अगं, ती पहिलीच छान होती," ते म्हणाले.

"हो हो, एवढी एकच बघते," म्हणत बाईंनी निळी फ्रेम चढवली आणि आरशात पाहिलं.

आरशात तपकिरीच होती.

त्यांनी निळी काढली. आरशातल्या बाईने काहीच काढलं नाही. त्यांनी लाल घातली, सोनेरी घातली. ती आपली तपकिरी फ्रेम घालून निवांत बसली होती. आपला चेहरा इतका समाधानी कधी दिसला होता, ते बाईंना आठवेना. शरमेने त्यांची मान खाली गेली.

मान वर केली, तर आरशातली बाई उठली होती. तिचे ओठ हलले, "चला हो, झालं माझं." आरशातले यजमान हसत उठले, लग्नानंतर पहिल्या वर्षी हसायचे अगदी तसे. दोघं दाराबाहेर पडली.

बाईंनी गर्रकन मागे वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"आणखी दाखवू?" चष्मेवाल्याने थकल्या आवाजात विचारलं.

बाईंना स्वतःचीच लाज वाटली. तरी तोंडून निघून गेलंच.

"एवढी एकच."