दिगंबरचा हात

आकारामतात्यांच्या गळ्यावर साबणाचा फेस होता आणि बाकावरच्या दोघांची तोंडं सुटली होती. उद्या पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाची फायनल. संघ तात्या निवडणार होते, आणि ज्याच्यावरून वाद पेटला होता तो दिगंबर त्यांचीच दाढी करत होता.

"पुढं चार वाघ सोडल्यात आपण," बंडा म्हणाला, "आणि ह्यो बॉल मिळाला की सासरी निघालेल्या पोरीगत सारखा मागं वळतोय."

"पण कधी बॉल घालवला का त्यानं?" शेजारच्यानं विचारलं.

"घालवायला आधी पुढं तर न्यायला पाहिजे."

ह्या एका फायनलसाठी दिगंबर पाच वर्षं पहाटे पळत होता. पण आता बोलला असता, तर हात हलला असता. तळ्यावरून वारा जावा तसा वस्तरा गळ्यावरून फिरत राहिला.

"जिगर पाहिजे गड्या, जिगर," बंडा म्हणाला.

"खरं हाय तुझं," म्हणत तात्या भान विसरून गर्रकन त्याच्याकडे वळले. बाकावरचे दोघं ताडकन उठले.

पण तात्यांच्या मानेची शीर ताठली, तेव्हाच दिगंबरनं वस्तरा उचलला होता.

तात्यांनी गळा चाचपला. रक्ताचा टिपूसही नव्हता. ते हळूच मागं टेकले.

"उद्या मधल्या जागी हाच खेळंल."

"मग गोल कोण मारणार?" बंडानं विचारलं.

"पुढली मारतील की. मान मात्र असल्याच हातात द्यावी, बंडा," म्हणत तात्यांनी डोळे मिटले.