स्कर्टवरच्या रेघा

आईने शाळेच्या स्कर्टची दुमड उसवली, दोरे झटकले आणि स्कर्ट लेकीकडे फेकला. "घाल बघू."

लेक तो घालून स्टुलावर चढली. वर्षभरात ती अशी ताडमाड वाढली होती की स्कर्टने गुडघ्यांची साथ केव्हाच सोडली होती. आता दुमड उलगडल्यावर तो पुन्हा गुडघ्यांखाली आला आणि जुन्या घडीच्या जागी एक रेघ उमटली. तिच्या वर अशा दोन आधीच होत्या.

"तिसरी आली!" लेक हरखली. रेघ म्हणजे वाढल्याची पावती, असं आईनेच तिला सांगितलं होतं. अख्ख्या वर्गात इतक्या पावत्या कुणाकडे नव्हत्या.

तेवढ्यात दारात आईच्या शिवणकामाचं नवं गिऱ्हाईक आलं. एक बाई आणि तिची मुलगी, लेकीच्याच वयाची, त्याच शाळेत नुकतं नाव घातलेली. लेक स्टुलावरून उतरली, मुलगी चढली. आई टेप लावून मापं घेऊ लागली.

"खाली चार बोटं दुमड ठेवते," ती सवयीने म्हणाली. "म्हणजे दोन-तीन वर्षं बघायला नको."

"छे हो ताई, दुमड कशाला? पुढच्या वर्षी नवा शिवूच की."

लेकीला ती बाई भलतीच भोळी वाटली. मुलीची तर कीवच आली. "अहो काकू, मग हिला रेघा कशा येणार?" ती म्हणाली आणि आपला स्कर्ट पसरून एकेक रेघ दाखवू लागली. "ही दुसरीची. ही तिसरीची. आणि ही चौथीची, आत्ताच आलीय."

मुलगी स्टुलावरून वाकली. तिने रेघांवरून बोट फिरवलं. "आई, मला पण अशा रेघा हव्यात."

बाईचा चेहरा लाल झाला. तिने मुलीला जवळ ओढलं आणि कानात पुटपुटली, "असं नाही बोलायचं. त्यांना वाईट वाटतं."

पण खोली ती केवढी! मशीन, कपाट आणि माणसं, संपली खोली. कानातलं बोलणं चौघींनाही ऐकू गेलं.

लेकीने आईकडे पाहिलं. आई म्हणजे एकाला दोन सुनावणारी. आता ती काहीतरी झणझणीत बोलेल आणि या बाईला कळेल, असं लेकीला वाटलं. आई मात्र, कंबर मोजायची राहिली होती तरी, टेप बोटांना गुंडाळत राहिली. मग लेकीला लाज वाटली. कसली ते तिला सांगता आलं नसतं, पण कान गरम झाले. तिने खुर्चीवरचं कापड ओढून पुढ्यात धरलं.

"शनिवारी न्या," आई शेवटी म्हणाली. त्या माय-लेकी गेल्या.

आईने सुईत दोरा ओवला. "चल, चढ. कड घालून टाकते."

लेक जागची हलली नाही. "दुमड होती तशीच घाल परत."

"अगं, आखूड होईल. वीतभर वाढलीयस तू."

"नाही वाढले," लेक म्हणाली, आणि आईला ते खरं वाटावं म्हणून गुडघे जरासे वाकवून उभी राहिली.